एकशे बारा अंगठे

११ फेब्रुवारी २००२, सोमवार

नागपूरहून परत आली. नगरसेविकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. ही डायरी तिथेच मिळाली. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, रोज जमलं नाही तरी चालेल, पण जे घडलं ते लिहून ठेवा, नाहीतर तुमच्या नावावर दुसरेच लिहितील. सगळ्या हसल्या. मी पण हसली.

मी कुंता इस्तारी पचारे. पळसगाव नगर परिषद, वार्ड क्रमांक सहा, आम्हा मासेमारांचा ढिवरपुरा. नववी पास. डिसेंबरात निवडून आली आणि जानेवारीत महिला व बालकल्याण समितीची सभापती झाली. आमचे नगराध्यक्ष सुरेंद्रभाऊ, त्यांनीच माझं नाव सुचवलं. बोलताना आमची बोली तोंडात येते, लिहायला बसली की शाळेतली भाषा येते. दोन्ही माझ्याच.

प्रशिक्षणात एक तास शहराच्या अन्न धोरणावर होता. गावात कोण काय खातं, ते कुठून येतं, कुठे विकलं जातं, लेकरांच्या पोटात काय जातं, हे लोकांना विचारून नगर परिषदेने लिहून काढायचं आणि त्याप्रमाणे कामं करायची. मला एकदम पटलं. रस्त्यांच्या अंदाजपत्रकातलं मला काही कळत नाही. खाण्याचं कळते.

संध्याकाळी सुरेंद्रभाऊंना सांगितलं. वाटलं हसतील, पण ते खुर्चीत सरळ बसले. म्हणाले, "वहिनी, हे तं मस्त काम हाय. जिल्ह्यात पयली आपली नगर परिषद राहीन. वार्डावार्डात बैठका घ्या, लोकायच्या सह्या घ्या. आपली जीप घेऊन जा. आपले कारकून लटारूबाबू तुमच्यासंग राहीन."

घरी सासूला सांगितलं. ती उद्याची मासळीची टोपली धूत होती. वर न पाहता म्हणाली, "खायाचंही धोरण रायते का व?"

१९ फेब्रुवारी

पहिली बैठक ढिवरपुऱ्यातल्या समाजमंदिरात. साठेक माणसं आली. मी वाक्य पाठ करून गेली होती: आपल्या शहराच्या अन्न धोरणाबाबत आपल्या काय सूचना आहेत? कोणी काही बोललं नाही. मग एकजण म्हणाला, नळाला पाणी येत नाही. नळावरून गोष्ट नालीवर गेली, नालीवरून डुकरांवर, डुकरांवरून दोन घरांच्या जुन्या भांडणावर. लटारूबाबूने हजेरीच्या सह्या घेतल्या आणि आम्ही उठलो.

मला राग आला. आपल्याच लोकांना आपल्या भल्याचं कळत नाही असं वाटलं. माझा नवरा इस्तारी म्हणाला, "ते का शाळेतले पोरं हायत, तू इचारशीन अन ते सांगतीन?"

सासू मागच्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "तुहा सवालच कोणाले नाई समजला. काल का रांधलं ते इचार. बायका आपोआप बोलतीन."

"आत्या, ते सरकारी काम हाय."

"मंग सरकारलेच इचार."

२६ फेब्रुवारी

सासूचं ऐकलं. आज टेकडी मोहल्ल्यात उर्दू शाळेच्या खोलीत बैठक होती. मी सरळ विचारलं, काल काय रांधलं होतं? एक म्हणाली, खिमा. शेजारची लगेच, "झूठ मत बोल, तेरे घर से दाल की बास आ रही थी." जो हशा उठला, त्यानंतर दोन तास मला काही विचारावंच लागलं नाही.

कंट्रोलात, म्हणजे रेशनच्या दुकानात, गहू देतात आणि लेकरं भात मागतात. अंगणवाडीतली सुकडी घरी नेली की मोठी माणसं खातात. अंडी विकणारे गफ्फारभाई म्हणाले, उन्हाळ्यात निम्मा माल खराब होतो, बसायला सावली नाही. एका म्हाताऱ्या बाईने माझ्या कानात विचारलं, लाखोळीची डाळ विकायला बंदी आहे म्हणतात, पण आमच्या घरी तीच शिजते, ते सांगू का नको? मी म्हटलं, सांगा. लिहून घेतलं.

शेवटी सह्यांचा कागद फिरला. तिथल्या शिक्षिका जैनबबाई यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "कुंताताई, यह तो कोरा है. वर काय लिहिणार ते आधी लिहा ना."

मी लटारूबाबूकडे पाहिलं. तो म्हणाला, "मायना मागून टाइप करून लावतो. सगळ्या वार्डाचा एकच हाय."

जैनबबाईंनी सही केली, पण नावाखाली 'फक्त हजर' असं लिहिलं. जरा अपमानच वाटला. शिकलेल्या बायका फार संशयी असतात.

५ मार्च

आज गुजरीत बैठक. गुजरी म्हणजे आमचा रोजचा भाजी-मासळीचा बाजार, बस स्टँडला लागून. माझी सासू रुखमाबाई तिथे तीस वर्षं बसते. मी स्वतः लग्नानंतर बारा वर्षं तिच्याशेजारी झिंगे आणि बोटरे मासे विकले. त्यामुळे आज जे ऐकलं ते मला नवं होतं असं नाही. माहीत होतं, पण कधी कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलं नव्हतं.

बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. पाणी प्यायलं तर जायचं कुठे? संडास नाही. शकुबाई जंगलातल्या गावावरून पहिल्या बसने येते, बोरं, चिंच, हेटीची म्हणजे हादग्याची फुलं घेऊन. म्हणाली, "मी सकाळी चारले निघतो अन घरी जाऊनच बसतो. पोट दुखते. पण का करू, सांग." मासळीवाल्यांना धुवायला पाणी नाही, म्हणून गिऱ्हाईक नाक धरते. सगळ्यांचं मागणं सारखंच निघालं: एक नळ, सावली, आडोशाचा संडास आणि बसायला ओटा. जागा मात्र हीच, कारण बस इथेच थांबते.

मी उभी राहून सांगितलं की हे सगळं धोरणात येईल. सासू उठली आणि तिने सगळ्यांत आधी अंगठा दिला. मग रांग लागली. म्हाताऱ्या बायकांचा हात धरून मीच शाईवर टेकवला, मीच कागदावर उठवला. शेजारी क्रमांक आणि नाव माझ्या हाताने लिहिलं. एकशे बारा.

निघताना पाहिलं तर ओवरसियर दोन माणसांना घेऊन फीत धरून गुजरी मोजत होते. विचारलं तर म्हणाले, भाऊंनी सांगितलं. धोरण अजून लिहिलं नाही तर काम सुरू. असा नगराध्यक्ष कोणाला मिळते?

८ मार्च

महिला दिन. सुरेंद्रभाऊंनी भाषणात माझं नाव तीनदा घेतलं. नंतर इस्तारीला बाजूला घेऊन म्हणाले, तलावाची काळजी करू नको, तुमच्या सोसायटीचंच नाव राहील. नगर परिषदेचा मोठा तलाव आमच्या मच्छीमार सोसायटीकडे आहे, इस्तारी तिचा सचिव. दरवर्षी ठेक्यासाठी चार चकरा माराव्या लागतात. या वर्षी एकही नाही.

२१ मार्च

धोरण लिहून झालं. दहा कलमं. भाषा सुधारायला जैनबबाईंकडे गेली, कारण माझ्या ओळखीत दुसरं कोणी इतकं शिकलेलं नाही. त्यांचं मराठी माझ्याहून शुद्ध आहे. गुजरीची सोय पहिल्या कलमात. अंगणवाडीत आठवड्यातून दोनदा अंडं. तलावात दसऱ्यानंतर मूर्ती आणि गावाचा कचरा टाकायचा नाही, कारण त्यात आम्ही मासे धरतो. रानभाजी विकणाऱ्या बायकांना फॉरेस्टवाल्यांनी रस्त्यात अडवायचं नाही. हे नगर परिषदेच्या हातात नाही, पण लिहिलं.

सुरेंद्रभाऊंनी उभ्या उभ्या चाळलं. "झकास. सभेत ठेवतो."

२९ एप्रिल, सोमवार

आज सर्वसाधारण सभा. विषय क्रमांक नऊ: शहर अन्न धोरण व बाजार पुनर्रचना. सूचक सौ. कुंताबाई पचारे. माझं नाव माईकवर ऐकून मी पदर सारखा केला. लटारूबाबूने ठराव इतक्या भरभर वाचला की पहिलं आणि शेवटचं वाक्यच कळलं. सगळ्यांनी बाकं वाजवली. मी सही केली.

पुनर्रचना हा शब्द माझ्या कागदात नव्हता. छत आणि ओटे बांधायचे तर पुन्हा रचना करावीच लागेल, असं मनात आलं. विचारायला हवं होतं का? सगळे चहाला उठले होते.

१७ मे

शेहेचाळीस डिग्री. सभा नाही, काम नाही. बोटरे सुकवून घेतले.

११ जून

गुजरीच्या कमानीवर नोटीस लागली.

सासू अकरा वाजताच घरी आली. टोपली तशीच भरलेली. नोटिशीची एक प्रत कोणीतरी तिच्या हातात दिली होती. तिने ती डिंपलला, माझ्या मुलीला, वाचायला लावली. मी चुलीजवळ होती. डिंपल शाळेत धडा वाचते तसं वाचत होती. भाजीपाला व मासळी विक्रेत्यांना रेल्वे फाटकापलीकडील मैदानात स्थलांतरित करण्यात येत आहे. सध्याच्या जागेवर व्यापारी संकुल बांधण्यात येईल. सदर ठराव सभापती, महिला व बालकल्याण समिती यांच्या सूचनेवरून आणि एकशे बारा विक्रेत्यांच्या लेखी संमतीने मंजूर.

"सभापती म्हंजे?" सासूने विचारलं.

डिंपल माझ्याकडे पाहू लागली.

सासू उठली. ओसरीत तीन दगड मांडले, त्यावर आपलं भांडं ठेवलं आणि आपल्यापुरता भात शिजवला. मी ताट नेलं तर म्हणाली, "सभापतीच्या घरचं मले पचत नाई."

१२ जून

सुरेंद्रभाऊंकडे गेली. त्यांनी चहा सांगितला. आवाज जराही चढला नाही.

"वहिनी, तुमच्याच मागण्या हायत ना? नळ, छत, संडास. सगळं नव्या जागी भेटते. जुन्या जागी कुठी बांधू? तिथी पाय ठेवाले जागा नाई."

"पण बायकायनं जागा इथंच मांगतली होती. मी लिहिलं होतं."

"लिहिलं ते सूचना म्हणून. ठरावात सगळ्याच सूचना येत नाईत. अन संमती तं त्यायचीच हाय. तुम्ही स्वतः घेतली." मग जरा थांबून म्हणाले, "इस्तारीभाऊचा ठेका जुलैमधी सभेपुढं येऊन राह्यला. निवांत राहा."

ठेक्याचं मध्येच का काढलं कळलं नाही. बहुतेक मला धीर द्यायला.

खरं लिहायचं तर त्यांचं बोलणं मला अर्धं पटलं. पक्का ओटा, पाणी, संडास. चार दिवस त्रास होईल, मग गिऱ्हाईक तिथे येईल. मोठ्या शहरात असंच करतात. मी चूक केलीच नसेल, असंही असू शकते.

१४ जून

नुसता विचार करून होत नाही म्हणून करून पाहिलं. इस्तारीने पहाटे आणलेले झिंगे आणि चार मरळी टोपलीत घेतल्या, टोपली डोक्यावर घेतली आणि नव्या मैदानात गेली. निवडून आल्यापासून पहिल्यांदा. स्टँडवर शकुबाई बसमधून उतरत होती, तिला म्हटलं चल माझ्यासोबत. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण आली.

स्टँडपासून फाटकापर्यंत पाऊण तास. फाटक बंद होतं. कोळशाची मालगाडी गेली, मग दुसरी गेली. शकुबाईने जांभळांची पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली. मैदानात नव्या बाजाराच्या नावाचा एक बोर्ड होता. नळ नव्हता, छत नव्हतं. राईस मिलचा भुसा वाऱ्याने उडून मासळीवर बसत होता. दुपारपर्यंत तीन माणसं आली. एकाने रस्ता विचारला. एक मिलचा चौकीदार, त्याने अर्धा किलो झिंगे घेतले. तिसरा बोर्डावरचं नाव वाचून गेला.

दोन वाजता मरळी मऊ पडल्या. शकुबाईची परतीची बस तीनची, त्यानंतर थेट उद्या. ती पाटी उचलून निघाली. जाताना एवढंच म्हणाली, "तू तं घरी जाशीन, माय. मी हे कुठी फेकू?"

मरळी फाटकाजवळ कुत्र्यांना टाकल्या. सुरेंद्रभाऊंचं बोलणं आता पटत नाही.

१७ जून

जैनबबाईंना बरोबर घेऊन कार्यालयात गेली. सदस्य म्हणून फाईल पाहायचा मला हक्क आहे, हे त्यांनीच सांगितलं. लटारूबाबू म्हणाला, फाईल साहेबांकडे आहे. मग म्हणाला, नाही, इथेच आहे. मग कपाटातून काढून टेबलावर ठेवली, बरोबर ते पान उघडून, आणि चहाला जातो म्हणाला. पाऊण तास आलाच नाही. जाताना दारही ओढून घेतलं. असा निष्काळजी माणूस. सरकारी फाईल उघडी टाकून कोणी जाते का?

कागद माझ्याच हाताचा होता. १. रुखमा. २. शकुबाई. माझं अक्षर, शेजारी निळे अंगठे. आणि वर, जिथे कोरं होतं तिथे, टाइप केलेलं: आम्ही खालील विक्रेते बाजाराच्या स्थलांतरास राजीखुशीने संमती देत आहोत.

टेकडी मोहल्ल्याच्या कागदावर मायना लावलेलाच नव्हता. 'फक्त हजर' असं ज्याच्यावर लिहिलं आहे तो कागद त्यांच्या काही कामाचा नव्हता.

जैनबबाईंनी काही ऐकवलं नाही. त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि आम्ही दोघींनी अक्षर न अक्षर उतरवून घेतलं. शेवटची दोन पानं त्यांनीच लिहिली.

२० जून

जैनबबाईंच्या भावाने चंद्रपूरला वकिलाला विचारलं. कलेक्टर ठराव थांबवू शकतात. पण अर्जात लिहावं लागेल की सह्या घेतल्या तेव्हा कागद कोरा होता. म्हणजे मी लिहायचं की मी स्वतः, सभापतीने, माझ्या सासूचा अंगठा कोऱ्या कागदावर उठवला.

इस्तारी म्हणाला, "तुले खुर्ची नको, ठीक हाय. पण तलाव? सोसायटीत चाळीस घरं हायत. त्यायनं तुहं का बिघडवलं?"

"गुजरीतल्या बायकायनं का बिघडवलं होतं?"

"त्यायले दुसरीकडं बसता येते. आमाले दुसरा तलाव कुठी हाय, दाखव."

त्याचं चुकत नाही. हेच अवघड आहे. चूक माझी, आणि दंड कोणी भरायचा ते मीच ठरवायचं. दिवसभर वाटत राहिलं, सुरेंद्रभाऊंना अचानक बुद्धी व्हावी आणि नोटीस आपोआप निघून जावी. जेवली नाही.

२४ जून, सोमवार

आज गुजरीत गेली. अर्ज देण्याआधी त्यांना तोंडावर सांगायचं होतं. मधोमध उभी राहिली. मार्चमध्ये जिथे भाषण केलं होतं तिथेच.

म्हटलं, "कागद कोरा होता. मले ते समजाले पायजे होतं. एका बाईनं इचारलं होतं, तरी मी नाई आयकलं. त्या कागदावर मागून तुमची संमती छापली. अंगठे मी घेतले, म्हणून चूक मायी."

भाजीवाल्या भाजीवर पाणी शिंपडत राहिल्या. गफ्फारभाई अंड्यांचे ट्रे उगाच या हाताचे त्या हाताला करत होते.

शेवटी शकुबाई बोलली. "मले वाचता येत नाई. तुह्या सासूनं पयला अंगठा देल्ला, म्हून मी देल्ला. मी तुले नोयता देल्ला, तिले देल्ला होता."

सगळ्या सासूकडे पाहू लागल्या. ती आपल्या जागी बसून होती. मग म्हणाली, "अर्ज आणला का?"

"हो, आत्या."

"वाच."

मी वाचला. ती म्हणाली, पुन्हा वाच. मग तिसऱ्यांदा जैनबबाईंना वाचायला लावला, मी काही गाळलं तर नाही ते पाहायला. एक भाजीवाली म्हणाली, अंगठ्याच्या आणि मायन्याच्या मध्ये जागा सोडू नको, रेघ मार. मी रेघ मारली. दुसरी म्हणाली, संडासाचंही लिही, नाहीतर ते म्हणतील आम्हाला काही नकोच होतं. लिहिलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मी बैठका घेतल्या, पण खरी बैठक मला वाटते आजची.

मी शाईचा डबा घेऊन सासूजवळ वाकली आणि सवयीने तिचा हात धरायला गेली. तिने हात मागे घेतला.

"माया अंगठा मले उठवता येते," म्हणाली.

आज सत्त्याण्णव. पंधरा जणींनी दिला नाही. त्यांना आता कोणत्याच कागदावर द्यायचा नाही.

१ जुलै

चंद्रपूर. आम्ही नऊ जणी एसटीने गेलो. चार तास बाकावर बसलो. आत बोलावलं तेव्हा कलेक्टर साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला. मग मला विचारलं, "कोऱ्या कागदावर सह्या तुम्ही स्वतः घेतल्या?"

"हो."

"हे तुमच्या विरुद्ध जाऊ शकतं. कल्पना आहे?"

"हो साहेब."

कल्पना नव्हती. पण आता मागे फिरून बायकांच्या मधून दारापर्यंत जायची हिंमत नव्हती, म्हणून हो म्हटलं.

१९ जुलै

ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती. चौकशी होणार. लटारूबाबूने सायकल हळू करून रस्त्यातच सांगितलं आणि न थांबता निघून गेला.

दुपारी सुरेंद्रभाऊ कार्यालयात दिसले. नमस्कार केला. ते म्हणाले, "या, मॅडम." सहा महिन्यांत पहिल्यांदा वहिनी म्हटलं नाही.

३० जुलै

तलावाचा ठेका विषय क्रमांक चार. दुसऱ्या एका सोसायटीला दिला, तीन महिन्यांपूर्वी नोंदलेल्या. हात वर करून मतदान. विरोधात मी एकटी. कारण विचारलं तर म्हणाले, नियमाप्रमाणे.

इस्तारी सभागृहाबाहेर उभा होता. सोबत सोसायटीची सात-आठ माणसं. त्यांनी वाट दिली आणि मी मधून चालत घरी आली. आज कळलं की १२ जूनला भाऊंनी ठेक्याचं का काढलं होतं. धीर द्यायला नव्हतं.

१४ ऑगस्ट

इस्तारी वैनगंगेवर जातो. दुसऱ्याच्या डोंग्यात, वाट्याने. आठवड्यातून दोनदा घरी येतो. काल डिंपलशी खूप बोलला. माझ्याशी कामापुरतं.

२६ सप्टेंबर

चौकशीचा निकाल आला. संमतीपत्र खोटं ठरलं, स्थलांतराचा भाग रद्द. माझ्यावर ताशेरा: सदर सदस्याने अत्यंत निष्काळजीपणा केला. जैनबबाई म्हणाल्या, मनावर घेऊ नका. मी म्हटलं, खरंच आहे ते, घ्यायला पाहिजे.

गुजरीत पेढे वगैरे काही वाटले नाहीत. सासूने सांगितलं की आज मासळी लवकर संपली.

१८ नोव्हेंबर

अन्न धोरणाच्या उरलेल्या कलमांसाठी मी सभेत पाच वेळा उठून उभी राहिली. चार वेळा बसवलं. पाचव्या वेळी गुजरीतल्या बायका सभागृहाच्या खिडक्यांबाहेर येऊन उभ्या होत्या. बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या. नळ आणि संडास मंजूर झाला. अंगणवाडीची अंडी पुढच्या सभेवर ढकलली. फॉरेस्टचं कलम वाचून मुख्याधिकारी साहेब हसले. छताचं कोणी काढलंच नाही.

दहापैकी अर्धं कलम. जैनबबाई म्हणतात, अर्धं पण तुमचंच आहे ना.

९ जानेवारी २००३, गुरुवार

काल समित्यांची नवी निवड झाली. सभापतिपदासाठी माझं नाव कोणी सुचवलं नाही. चार वर्षं नुसती सदस्य राहीन. जीप नाही, लटारूबाबू नाही. त्याची बदली वसुली विभागात झाली. इस्तारीच्या वाट्याने घर चालत नाही, म्हणून आज टोपली घेऊन गुजरीत विकायला गेली.

मनात होतं की सासूच्या शेजारी बसेन, पूर्वी बसायची तिथे. तिथे आता दुसरी बाई बसते. बायकांनी आपसात जागा ठरवून घेतल्या आहेत, चुन्याच्या रेघा मारून. कोण कुठे, नवीन आली तर कुठे, सगळं ठरलेलं. मला हे माहीतच नव्हतं. बैठक कधी झाली विचारलं तर शकुबाई म्हणाली, "झाली दिवाळीमांगं. तुले सांगाचं रायलं."

मी टोपली डोक्यावर घेऊन उभी. सासूकडे पाहिलं. तिने मासा तोलता तोलता हाताने दाखवलं, शेवटची रेघ, नालीच्या बाजूची.

"नवी आली ते तिथी बसते," म्हणाली. "सगळ्यायले तसंच हाय."

गेली आणि बसली. नालीचा वास येतो, ऊन पण दहा वाजताच अंगावर येते. शेजारची बाई दोन वर्षांपूर्वी आलेली, तिने आपला बारदाना थोडा सरकवून माझ्या टोपलीला सावली केली आणि विचारलं, झिंगे कसे देऊन राह्यली? मी भाव सांगितला. ती म्हणाली, इतका नाही चालत या कोपऱ्यात, कमी कर.

कमी केला. बारा वाजेपर्यंत सगळे गेले.